बलरेषा उलट्या असूनही रिकनेक्शन का अडतं?

तुम्ही चुंबकीय रिकनेक्शनबद्दल, म्हणजे विरुद्ध दिशांच्या बलरेषा तुटून नव्याने जुळण्याबद्दल आणि त्यातून साठलेली ऊर्जा मोकळी होण्याबद्दल, दोन गोष्टी विचारल्या आहेत. सौरडागांवर विरुद्ध दिशांची चुंबकीय क्षेत्रं दिवसचे दिवस शेजारी असतात, तरी सौरज्वाला, म्हणजे ऊर्जेचा अचानक स्फोट, क्वचितच का भडकते? आणि सौरवाऱ्याचं क्षेत्र दक्षिणेकडे वळलं की पृथ्वीपाशी रिकनेक्शन सुरू होतं, तसं शनीपाशी का होत नाही?

माझ्या मते गोंधळ एकाच समजुतीत आहे. उलटी दिशा ही फक्त परवानगी. खरा खटका असतो दोन क्षेत्रांमधल्या विद्युतप्रवाहाच्या पडद्याची जाडी.

स्वीट आणि पार्कर या शास्त्रज्ञांनी १९५०च्या दशकात मांडलेल्या गणितात बलरेषा तुटायला प्लाझ्माचा, म्हणजे आयन आणि इलेक्ट्रॉन सुटे झालेल्या वायूचा, विद्युतरोध लागतो. कोरोनात, म्हणजे सूर्याच्या बाह्य वातावरणात, तो इतका नगण्य आहे की लुंडक्विस्ट संख्या (रोध जितका कमी तितकी ती मोठी) एकावर बारा-चौदा शून्यं इतकी निघते. रिकनेक्शनचा वेग तिच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात, म्हणजे अल्फव्हेन वेगाच्या (बलरेषांवरून लहरी ज्या वेगाने धावतात त्याच्या) दशलक्षांशाच्या आसपास किंवा त्याहूनही कमी. या हिशोबाने ज्वालेला महिने-वर्षं लागावीत. प्रत्यक्षात काम मिनिटांत उरकतं. लोक याला सिद्धान्ताचं अपयश म्हणतात. मला त्यात अर्धं उत्तर दिसतं: पडदा जाड असेपर्यंत गळती इतकी मंद असते, म्हणूनच तर ऊर्जा साठत जाते.

पडदा दाबला जाऊन आयनांच्या जडत्व-लांबीइतका (ज्या अंतराखाली आयन बलरेषांबरोबर हलू शकत नाहीत, तितका) पातळ झाला की खेळ बदलतो. आयन बलरेषांपासून सुटतात, इलेक्ट्रॉन मात्र अजून चिकटलेले असतात, आणि वेग अल्फव्हेन वेगाच्या सुमारे ०.१ पट होतो. रोध किती याला मग फारसं महत्त्व उरत नाही. कोरोनात ही लांबी जेमतेम काही मीटर, आणि पडदा हजारो किलोमीटर लांब! इतका पातळ तो एका दमात होत नाही. लुंडक्विस्ट संख्या साधारण १०,०००च्या पुढे गेली की लांब पडदा स्वतःच अस्थिर होऊन चुंबकीय बेटांमध्ये, म्हणजे बलरेषांच्या बंद वेटोळ्यांमध्ये, फुटतो, बेटांमधले पडदे आणखी पातळ, ते पुन्हा फुटतात. पृथ्वीपाशी ही लांबी दहा-शंभर किलोमीटरच्या घरात असते, म्हणून २०१५मध्ये सोडलेली एमएमएस या नासाच्या मोहिमेची चार यानं थेट इलेक्ट्रॉनांच्या प्रदेशातून जाऊ शकली.

आता शनी. आधी एक दुरुस्ती: शनीचे चुंबकीय ध्रुव पृथ्वीच्या उलट असल्याने तिथे अनुकूल दिशा उत्तरेची. पण अडसर वेगळाच आहे. पडद्याच्या दोन बाजूंच्या दाबात फरक असेल आणि क्षेत्रं अगदी १८० अंशांत नसतील, तर रिकनेक्शनचा एक्स-बिंदू, म्हणजे बलरेषा जिथे तुटून जुळतात ती जागा, पडद्यालगत वाहू लागतो. हा प्रवाह बाहेर फेकल्या जाणाऱ्या झोताच्या वेगाहून जास्त झाला की झोत नीट निसटतच नाही आणि सगळं थंडावतं. बीटा, म्हणजे प्लाझ्माच्या दाबाचं चुंबकीय दाबाशी गुणोत्तर, दोन बाजूंना जितकं वेगळं, तितका कोन १८०च्या जवळ लागतो. सूर्यापासून इतक्या दूर ग्रहापुढचा धनुराघात, म्हणजे सौरवारा ग्रहाच्या चुंबकीय क्षेत्रावर आदळून उठणारी आघातलहर, जोरदार असतो, त्यामागच्या प्लाझ्माचा बीटा बराच वाढतो, आणि चालणाऱ्या कोनांचा पट्टा आक्रसतो. पृथ्वीपाशी बीटातला फरक बहुधा कमी, त्यामुळे तिथे मध्यम कोनही पुरतात.

ग्रहाचं चुंबकीय क्षेत्र आणि सौरवारा यांच्यातल्या सीमेच्या बगलांवर आणखी एक अडथळा येतो: दोन बाजूंच्या प्लाझ्माच्या वेगातला फरक अल्फव्हेन वेगाच्या पुढे गेला, तर जाडी आणि कोन दोन्ही जुळूनही रिकनेक्शन दबतं.