स्वतःची बोट कधीच नसताना विमा कंपनीला नौकानयनाचा अनुभव कसा दाखवावा?

सहा वर्षे अमेरिकेतल्या चेसापीक उपसागरात मित्रांच्या बोटींवर काढली, आता ३४ फुटांची शिडाची बोट घ्यायची आहे, परंतु स्वतःच्या नावावर आजवर एकही बोट नव्हती आणि विमा कंपनी अनुभवाचा तपशील मागते, तर काय लिहावे, असे आपण विचारले आहे. २०१६ साली मी नेमका इथेच अडकलो होतो, त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

आधी कामाचे. प्रत्येक बोटीसाठी एक ओळ पुरते: लांबी, शिडाची की इंजिनाची, कोणती वर्षे, कोणते पाणी, किती दिवस, आणि आपण तिच्यावर कोण होता. विमा देणारा सर्वांत आधी पाहतो ते आपण स्वतः चालवलेली सर्वांत लांब बोट आणि घ्यायची बोट यांतले अंतर. २२ फुटांवरून एकदम ३४ फुटांवर जाणाऱ्याकडे तो संशयाने पाहतो, आणि त्यात मला काहीही गैर वाटत नाही; आडव्या वाऱ्यात धक्क्याला लागताना एवढ्या बोटीचे वजन हातांनी थोपवता येत नाही.

माझे बालपण हर्णै बंदरात गेले. वडील तांडेल, म्हणजे मासेमारी होडीचे कप्तान होते. नारळी पौर्णिमेनंतर होडी पाण्यात उतरली की सुट्टीचा प्रत्येक दिवस मी होडीवरच असे, आणि सुवर्णदुर्गाजवळचे कोणते खडक भरतीत झाकले जातात हे मला पाढ्यांच्या आधी पाठ झाले होते. अर्जात मी मोठ्या अभिमानाने लिहिले: 'मासेमारी होडी, ४० फूट, अरबी समुद्र, १९८५ ते १९९३.' विमा दलालाने फोनवर शांतपणे विचारले की होडीचे कागद कुठे आहेत आणि या वर्षांबद्दल सही कोण करील. वडील २००९ साली गेले. 'मग ही ओळ काढून टाकू या,' असे तो म्हणाला.

मी गावी दादाला फोन केला. होडीच्या हिशेबाची एक वही त्याच्याकडे अजून होती, तिच्या पानांचे फोटो त्याने पाठवले. डावीकडे तारीख, मग डिझेल किती लिटर, बर्फाच्या लाद्या किती, खलाशी किती, आणि शेवटी लिलावात आलेली रक्कम. अक्षर सगळे माझे, कारण वडील सहीपुरतेच शिकले होते. काही पानांवर डिझेलचे डाग पसरून आकडे पुसट झाले होते, पण तारखा वाचता येत होत्या. माझे नाव मात्र कुठेच नव्हते. 'खलाशी ५' असे लिहिताना मी स्वतःला एकदाही मोजले नव्हते.

त्यामुळे उरला तो एका मित्राच्या ३० फुटी बोटीवरचा नऊ वर्षांचा अनुभव. इथल्या, म्हणजे अमेरिकेच्या, तटरक्षक दलाचा सीजी-७१९एस हा समुद्रसेवेचा फॉर्म खरे तर कप्तानाच्या परवान्यासाठी असतो, पण दलालांना तो परिचित असतो. त्यात छोट्या नौकेवरचा किमान चार तासांचा वावर एक दिवस म्हणून धरतात आणि बोटीच्या मालकाची सही लागते. मी तो भरून मित्राकडे नेला. त्याने सही केली, परंतु माझ्या कामाच्या रकान्यातला 'स्किपर' म्हणजे कप्तान हा शब्द खोडून तिथे 'क्रू' म्हणजे खलाशी असे लिहिले. एका रात्री वादळी पावसात थॉमस पॉइंटच्या दीपस्तंभापासून सेव्हर्न नदीच्या मुखापर्यंत ती बोट मी एकट्याने आणली होती आणि हे महाशय खाली केबिनमध्ये बादली धरून बसले होते, याची मी त्याला आठवण दिली. त्यावर तो म्हणाला, 'सुकाणू तुझ्या हातात होते, जबाबदारी माझी होती.' तेव्हापासून आमचे बोलणे दिवाळीच्या शुभेच्छांपुरते उरले आहे.

दोन कंपन्यांनी नकार दिला. तिसरीने विमा दिला तो या अटीवर की पहिले २० तास परवानाधारक कप्तान बोटीवर असावा आणि त्याने शेवटी पत्र द्यावे. त्या अनोळखी माणसाच्या चार ओळींच्या पत्राने जे झाले, ते माझ्या आयुष्यभराच्या पाण्याने झाले नाही. आपणही ही तयारी ठेवा, आणि दलालाने सुचवण्याआधी स्वतःच ती देऊ करा.

आकडे मात्र फुगवू नका आणि झालेले अपघात लपवू नका. पोर्टो रिकोतल्या एका बोटमालकाने आपली आधीची बोट उथळ पाण्यात चढल्याची गोष्ट अर्जात लिहिली नव्हती. पुढे त्याची नवी बोट आगीत गेली, आगीचा त्या जुन्या घटनेशी काडीचाही संबंध नव्हता, तरीही २०२१ साली बोस्टनच्या अपील न्यायालयाने त्याची पॉलिसी रद्दबातल ठरवणे कायम केले. सागरी विम्यात संपूर्ण प्रामाणिकपणाचे तत्त्व इतके कडक असते.

चेसापीकच्या काठावरच्या मेरीलँड राज्यात १ जुलै १९७२ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना बोट चालवण्यासाठी लागणारे सुरक्षा प्रमाणपत्र जरूर जोडा, पण तो अनुभव समजू नका. अटी कंपनीगणिक बदलतात, माझे २० तास आपल्याला लागू होतीलच असे नाही. आणि मित्राच्या बाजूने एवढे मान्य करतो की विमा कंपनीला जो अर्थ अभिप्रेत असतो, त्या अर्थाने तो चूक नव्हता. पण मग त्याने ते नऊ वर्षांत कधीतरी बोलून दाखवायला हवे होते.

म्हणून यापुढे प्रत्येक फेरीनंतर, बोट बांधून झाली की त्याच संध्याकाळी धक्क्यावर सही घ्या, आणि त्या दिवशी कप्तान कोण होते हे सहीच्या वर स्पष्ट लिहून घ्या. मागच्या सहा वर्षांच्या सह्याही याच आठवड्यात गोळा करा. आपल्या मित्रांपैकी जो 'अरे, सही कशाला, मी फोनवर सांगतो ना त्यांना' असे म्हणेल, त्याच्याकडे सर्वांत आधी जा.