फेब्रुवारी निम्मा सरला. आता बागेत पक्षी बघायला सुरुवात करण्यात अर्थ आहे का?

तुमच्या एका प्रश्नात तीन प्रश्न आहेत: हंगाम संपला का, साध्या बागेत कावळे-कबुतरांपलीकडे काय दिसणार, आणि मोठा कॅमेरा घ्यावा लागेल का. तिसऱ्याचं उत्तर ‘नाही’ असं आहे. पहिल्या दोन्हींसाठी जरा बसून बोलावं लागेल.

उशीर झालेला नाही. मला विचाराल तर नवख्या माणसाने नोव्हेंबरपेक्षा आत्ताच सुरुवात करावी. नोव्हेंबरात झाडं गच्च असतात. पानांआड काहीतरी हलतं, दुर्बीण डोळ्याला लावेपर्यंत ते पसार होतं आणि चौथ्या दिवशी माणूस कंटाळतो. आता पानगळ झालेली आहे. सावर, पळस, पांगारा तर पानं टाकून नुसती फुलं अंगावर घेऊन उभे. लपायला जागाच कुठे आहे? शिवाय परदेशी पाहुणे अजून निघालेले नाहीत आणि घरचे विणीच्या तयारीला लागलेत, म्हणजे दोन्हीकडची मंडळी एकाच मांडवात सापडतात.

एक चूक मात्र करू नका, जी मी पहिलं वर्षभर केली: चालत राहण्याची. बागेत सगळे फेऱ्या मारतात म्हणून आपणही मारतो आणि प्रत्येक वळणावर पुढचा पक्षी उडवत जातो. त्यापेक्षा एक झाड निवडा. फुललेलं असेल तर उत्तम, त्याला एखादी वाळलेली फांदी असेल तर त्याहून उत्तम. सूर्य पाठीशी राहील असं बाकडं बघा, नाहीतर सगळे पक्षी काळेच दिसतील. आणि अर्धा तास बसा. पहिली दहा मिनिटं काही होत नाही, तेव्हा उठायचं नाही.

वाळलेली फांदी कशाला, ते सांगतो. जानेवारी सरता सरता बागेत एक आवाज सुरू होतो, टुक्-टुक्-टुक्, एकसुरी, न थकणारा. मी कित्येक दिवस तो कुठल्यातरी पाण्याच्या पंपाचा समजत होतो. तो तांबट. चिमणीहून जरासा मोठा, मान विसरून घडवल्यासारखा, हिरवा, कपाळावर आणि छातीवर लाल ठिपका. ओरडताना चोच मिटलेली असते, गळ्याची कातडी तेवढी फुगते. मधेच डोकं इकडून तिकडे वळवतो, त्यामुळे आवाज भलतीकडूनच आल्यासारखा वाटतो. कानाने शोधू नका, सकाळच्या पहिल्या उन्हात उघड्या शेंड्यांवर बघा, तिथे ऊन खात बसलेला असतो.

एकदा असाच बसलो होतो आणि वहीच्या पानावर भुसा पडायला लागला. झटकला, पुन्हा पडला. वर पाहिलं तर थेट डोक्यावरच्या मेलेल्या फांदीच्या खालच्या अंगाला पैशाएवढं गोल भोक, आणि त्यातून तांबटाचं फक्त बूड बाहेर. तो आत कोरायचा, मागे सरायचा, चोचीतला चुरा मान झटकून टाकायचा आणि परत आत. पुढचे काही दिवस मी दुसरं काहीही पाहिलं नाही. पुढच्या हिवाळ्यात बागेच्या साफसफाईत ती फांदी गेली. माळ्याला काय दोष द्यायचा, त्याला ती वाळकी फांदी दिसत होती, मला घर दिसत होतं. आता मी आधीच जाऊन भोकं दाखवतो आणि जी फांदी वाटेवर पडणार नाही ती राहू द्या म्हणतो. कधी ऐकतात, कधी नाही.

अशाच जुन्या ढोलीच्या तोंडाशी गार सकाळी पिंगळाही ऊन खात बसतो. तुम्ही त्याला बघायच्या आधी त्याने तुम्हाला पाहिलेलं असतं. मान वरखाली करून तो तुमचं माप काढतो.

सावर किंवा पळस फुलला असेल तर तिथे पळसमैनांचा थवा येतो का बघा. काहीजण त्यांना भोरड्या म्हणतात. अंग गुलाबी, डोकं-पंख काळे आणि भांडण अखंड. या मध्य आशियात वीण करतात आणि एप्रिलपर्यंत परततात. हिरवळीला पाणी घातलं असेल तर शेपटी वरखाली हलवत धोबी फिरत असेल. करड्या धोब्याच्या नराचा पांढरा गळा परत जायच्या आधी काळा व्हायला लागतो, म्हणजे निघायची तयारी अंगावरच दिसते. कुंपणावर थिरथिरा असेल. नर काळा, मादी मातकट, पण तांबूस शेपूट दोघांचंही आणि ते थरथरतं. नाव तिथूनच आलंय. पानांतून ‘चिस्वी’ करत फिरणारे हिरवट वटवटे मात्र पहिल्या वर्षी सोडून द्या. त्यांच्यातली एक जात दुसरीपासून ओळखताना जाणत्यांच्याही मारामाऱ्या होतात.

घरच्या पक्ष्यांत माझा लाडका जांभळा शिंजीर. वीण आटोपली की नराचा झगमगाट उतरतो. पिवळट पोट, मधोमध उभी काळी रेघ, एवढंच उरतं. हिवाळा संपताना ती रेघ शाई सांडल्यासारखी पसरत जाते. काही दिवस तो धड पिवळा नसतो, धड निळा-काळा नसतो, ठिगळं लावल्यासारखा दिसतो. माझ्या पहिल्या वहीत अशाच एका नरापुढे ‘नवीन जात??’ असं दोन प्रश्नचिन्हांसकट लिहिलेलं आहे. नंतर एके दिवशी तोच नर उन्हात वळला आणि जांभळ्या-निळ्या धातूसारखा चमकला.

कावळे-कबुतरांना नावं ठेवू नका. कबुतरं एकदम सगळी उठली, खारी एका सुरात किरकिरायला लागल्या की वर बघा, बहुतेक वेळा शिक्रा हा छोटा शिकारी पक्षी असतो.

साहित्याचं थोडक्यात. दुर्बीण 8×42 घ्या. 8 म्हणजे आठपट मोठं दिसणार, 42 म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलीमीटरमध्ये. दहापटीच्या मोहात पडू नका, हाताची थरथरही दहापट होते. मोबाइलवर मर्लिन हे अ‍ॅप आवाज ऐकून नाव सुचवतं. कामाचं आहे, पण ते सुचवतं, सांगत नाही; पक्षी डोळ्यांनी दिसेपर्यंत वहीत लिहू नका. आणि फोनवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलावू तर अजिबात नका. या दिवसांत नराला तो प्रतिस्पर्धी वाटतो, हातचं काम टाकून तो भांडायला येतो आणि तुमच्या एका फोटोसाठी त्याची सकाळ वाया जाते.

फेब्रुवारीतच ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’ असतो. अमेरिकेत 1998 साली सुरू झाला, 2013 पासून जगभर होतो. चार दिवस, कुठेही, किमान 15 मिनिटं पक्षी मोजायचे आणि यादी ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाकायची. यंदाचे दिवस हुकले असले तरी ही 15 मिनिटांची सवय उचला. नाव येत नसेल तर ‘तपकिरी, शेपूट हलवतो, कुंपण’ असं लिहा, पण संख्या आणि तारीख लिहाच.

तारखेवर माझा जोर आहे त्याला कारण आहे. पाहुणा आला तो दिवस आपोआप लक्षात राहतो, गेला तो दिवस कधीच नाही; शेवटचा थिरथिरा बघताना तो शेवटचा आहे हे कळत नसतं. माझ्या वहीत एका 24 मार्चला ‘थिरथिरा 1, नळाशेजारच्या खांबावर’ अशी ओळ आहे. पुढची पानं भरलेली आहेत, पण तो खांब पुन्हा येतो तो थेट ऑक्टोबरात.