जुन्या गाडीच्या मागच्या एक्सलसाठी मुदत ठेव मोडावी का?

नमस्कार,

तुमच्या क्लासिक गाडीच्या मागच्या एका चाकातून घरघर येते, बेअरिंगवरचा नंबर पुसला गेलाय, आणि साइज कळत नाही म्हणून मेकॅनिक दुसऱ्या गाडीतून काढलेला अख्खा एक्सलच बसवायला सांगतोय. त्यासाठी मुदत ठेव मोडावी का, असं तुम्ही विचारलंत. माझं मत: आज अजिबात मोडू नका. साइज मोजता येतो. तो मोजण्याआधी कुठलाही मोठा खर्च ठरवणं घाईचं होईल.

लागतात तीन मापं: आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि रुंदी. ही मापं आणि बेअरिंगचा प्रकार जुळला, की खोक्यावर कोणत्या गाडीचं नाव छापलंय याला महत्त्व उरत नाही, आणि त्या नावासाठी जादा पैसे मोजायचंही कारण नाही. उदाहरणार्थ, ६२०७ हे बॉल बेअरिंग आतून ३५, बाहेरून ७२ आणि रुंदीला १७ मिमी असतं. ६३०७ सुद्धा आतून ३५च, पण बाहेरून ८० आणि रुंदीला २१. त्यामुळे नुसतं ‘पस्तीसचं द्या’ म्हणून भागत नाही.

खरा पैसा बुडतो तो इंच आणि मिलिमीटरच्या गोंधळात. जुन्या ब्रिटिश आणि अमेरिकन गाड्यांत इंची मापं सर्रास सापडतात. १ ३/८ इंच म्हणजे ३४.९२५ मिमी. त्या मापाच्या शाफ्टवर (बेअरिंग ज्यावर बसतं त्या दांड्यावर) ३५ मिमीचं बेअरिंग सहज चढतं आणि काम झालं असं वाटतं. पण ही बैठक घट्ट, प्रेसने बसवायची असते. पाऊण दशांश मिलिमीटरच्या (०.०७५ मिमी) ढिलाईमुळे आतली रेस, म्हणजे बेअरिंगची आतली कडी, शाफ्टवरच फिरू लागते, बैठक झिजवते, आणि बेअरिंगचा खर्च शाफ्टवर जातो. म्हणून पट्टीने मोजू नका. मायक्रोमीटर असलेल्या वर्कशॉपमध्ये शाफ्ट दोन-तीन ठिकाणी मोजून घ्या, कारण जुनी रेस बसलेली जागा आधीच झिजलेली असू शकते. मग आकडे त्या मॉडेलच्या त्याच वर्षाच्या पार्ट्स कॅटलॉगशी ताडून पाहा. आधीच्या मालकाने चुकीचं बेअरिंग बसवलेलं असेल, तर नुसतं तेच मोजून तुम्ही तीच चूक पुन्हा विकत घ्याल.

टेपर रोलर, म्हणजे निमुळत्या रोलरचं बेअरिंग निघालं तर कप (बाहेरची कडी) आणि कोन (रोलरसकट आतली कडी) यांचे नंबर वेगळे असतात. एलएम ४८५४८ हा कोन एलएम ४८५१० या कपाबरोबर चालतो, आणि त्याचा आतला व्यास तोच, ३४.९२५. दोन्ही एकत्रच बदला, आणि शिम (पातळ चकत्या) लावून एंड प्ले, म्हणजे शाफ्टचा आत-बाहेर खेळ, जुळवायची मजुरी हिशेबात धरा.

काटकसर कुठे करू नये, हेही सांगतो. ऑइल सील नवीनच हवं, नाहीतर डिफरन्शियलचं (दोन्ही चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरच्या पेटीचं) तेल ब्रेक शूवर येतं. सेमी-फ्लोटिंग एक्सलमध्ये (जिथे चाक थेट शाफ्टवरच बसतं) बेअरिंग कॉलरने, म्हणजे शाफ्टवर दाबून बसवलेल्या कडीने, अडकवलेलं असेल, तर काढलेली कॉलर परत वापरू नका. ती सुटली तर शाफ्टसकट चाक बाहेर येऊ शकतं. इथे वाचवलेले पैसे मला कुठल्याच हिशेबात पटत नाहीत. दुसऱ्या बाजूच्या चाकात मात्र आवाज किंवा खेळ नसेल, तर ती बाजू आत्ता उघडू नका.

अख्ख्या एक्सलचा विचार शाफ्ट, हाउसिंग आणि डिफरन्शियलचे गिअर, सगळंच झिजलेलं निघालं तरच करा. तेव्हाही एक प्रश्न विचारा: त्या काढलेल्या एक्सलमधली बेअरिंगं किती जुनी आहेत? बहुधा तीही बदलावी लागतील. म्हणजे एक्सलचे पैसे देऊन बेअरिंगचा खर्च तुमच्या डोक्यावर उरतोच. शिवाय गिअर रेशो (गिअरच्या दातांचं प्रमाण) तुमच्या मूळ एक्सलशी जुळायला हवा.

ही गाडी तुमच्या रोजच्या वापराची नाही, असं तुम्हीच लिहिलंय. मग थांबण्यात तुमचं काहीच जात नाही, उलट ठेव मुदतीआधी मोडली तर व्याज कमी मिळेल. घरघर सुरू असेपर्यंत गाडी उभी ठेवा. शाफ्ट काढून मोजायची मजुरी आधी स्वतंत्र ठरवून घ्या, आणि मापं हातात आल्यावर बेअरिंग, सील, कॉलर आणि प्रेसची मजुरी यांचा एकत्र अंदाज लेखी मागा. तो खर्च दरमहाच्या शिलकीतून दोन-तीन महिन्यांत निघत असेल, तर ठेवीला हात लावायची वेळच येणार नाही.