आधी भांडण, मग लढत

प्रश्न : माझी हयात तालमीत गेली. आमच्याकडं मैदानात पैलवान सलामी देतात, एकमेकांच्या अंगाला माती लावतात आणि भिडतात. नातू मोबाइलवर परदेशी बॉक्सिंग आणि पिंजऱ्यातल्या लढती बघतो. तिथं लढतीआधी महिनाभर नुसता आईबापाचा उद्धार. नातू म्हणतो, सगळं ठरवून असतं. मला राग खरा वाटतो. आमची पैज लागली आहे, निकाल द्या. (एक माजी पैलवान, सांगली)

उत्तर : पैलवान, ही कुस्ती मी बरोबरीत सोडवतो. तुम्हा दोघांनाही ते पटणार नाही, म्हणून कारण देतो.

या प्रकाराची एक मुळी 1961 च्या लास व्हेगासमध्ये सापडते. 19 वर्षांचा कॅशियस क्ले, म्हणजे पुढचा मोहम्मद अली, लढतीच्या जाहिरातीसाठी रेडिओवर गेला होता. तिथं गॉर्जियस जॉर्जही होता. अमेरिकेतल्या व्यावसायिक, म्हणजे निकाल आधीच ठरलेल्या कुस्तीतलं मोठं प्रस्थ. सोनेरी कुरळे केस, झुळझुळीत झगा, आणि हा रिंगमध्ये उतरण्याआधी अत्तर फवारायला नोकर! हरलो तर रिंगभर रांगत जाईन, केस कापून घेईन, अशा गर्जना त्यानं केल्या. क्लेनं नंतर त्याची कुस्ती जाऊन पाहिली. सभागृह गच्च भरलेलं, आणि लोक आले होते ते त्याची जिरलेली बघायला. तोंड बंद झालेलं बघायला आलेला माणूसही तिकीट काढूनच येतो, हे त्या पोरानं तिथं हेरलं. पुढची वीस वर्षं अलीनं हेच भांडवल वापरलं.

त्याची हद्द झाली 1976 मध्ये, टोकियोच्या बुदोकान सभागृहात. अली विरुद्ध जपानी कुस्तीगीर अँटोनियो इनोकी. इनोकीची हनुवटी लांब, म्हणून अली त्याला ‘पेलिकन’ म्हणायचा. लढतीच्या काही आठवडे आधी फिलाडेल्फियात अली कुस्तीच्या रिंगमध्ये चढला आणि गोरिला मॉन्सून नावाच्या धिप्पाड गड्यानं त्याला खांद्यावर घेऊन गरगरा फिरवून आपटलं. ते अर्थात ठरवूनच. गाजावाजा एवढा की 26 जूनची लढत न्यूयॉर्कच्या शिया स्टेडियममध्येही पडद्यावर दाखवली. आणि लढत? इनोकी बहुतेक वेळ पाठीवर पडून अलीच्या पायांवर लाथा झाडत होता. 15 फेऱ्यांत अलीनं मोजून काही ठोसे मारले. निकाल बरोबरी. प्रेक्षकांनी रिंगकडं कचरा भिरकावला. पाय सुजून रक्ताच्या गुठळ्या झालेला अली दवाखान्यात. जाहिरात ठरवून केलेली होती, लाथा मात्र अस्सल होत्या.

टीव्हीवरच्या कुस्तीची कंपनी डब्ल्यूडब्ल्यूई (तेव्हा नाव डब्ल्यूडब्ल्यूएफ होतं), तिचं काम सोपं. निकालच ठरलेला, त्यामुळं भांडण हाच मुख्य माल. 1987 च्या तिसऱ्या रेसलमेनियाआधी (हा त्यांचा मोठा सोहळा) त्यांनी सांगितलं की महाकाय कुस्तीगीर आंद्रे द जायंट 15 वर्षांत हरलेलाच नाही. तो जुना दोस्त हल्क होगनवर उलटला, त्याचा शर्ट आणि गळ्यातला क्रॉस तोडला, अमेरिकेतली पोरं हळहळली. प्रत्यक्षात आदल्याच वर्षी जपानमध्ये आंद्रेनं हार मानली होती, तीही आपल्या याच इनोकीसमोर. पण तेव्हा यूट्यूब नव्हतं, कोण बघतंय!

खऱ्या लढतींचा हिशेब वेगळा नाही. मोठी लढत घरी टीव्हीवर बघायला वेगळे पैसे भरणाऱ्यांत नेहमीचे रसिक थोडे. बाकीच्यांना कुठला ठोसा जॅब नि कुठला हुक, कळत नाही. भांडण मात्र कुणालाही कळतं. 2007 मध्ये एचबीओ या अमेरिकी वाहिनीनं ऑस्कर डी ला होया आणि फ्लॉइड मेवेदर या बॉक्सरांच्या लढतीआधी त्यांच्या घरात, व्यायामशाळेत कॅमेरे घुसवून मालिकाच केली. मेवेदरनं उद्धट श्रीमंताची भूमिका उचलली आणि लढत 24 लाख घरांनी विकत घेतली. अशा बड्यांना विक्रीतलाही वाटा मिळतो. म्हणजे शिवी हासडायचेही पैसे.

आता तुमच्या बाजूचं. शिव्या ठरवून दिल्या तरी ऐकणारा माणूसच असतो. एप्रिल 2018 मध्ये ब्रुकलिनमध्ये पिंजऱ्यातला लढवय्या कॉनर मॅकग्रेगर यानं त्याचा प्रतिस्पर्धी खबीब नुरमागोमेदोव बसलेल्या बसवर लोखंडी हातगाडी फेकली. काचा लागून दोन लढवय्यांचे सामने रद्द झाले. मॅकग्रेगरला अटक झाली, आणि लढती भरवणाऱ्या यूएफसी कंपनीनं तेच चित्रण पुढच्या लढतीच्या जाहिरातीत वापरलं! मला ते आजही निर्लज्जपणाचं वाटतं. मग मॅकग्रेगरच्या शिव्यांतून खबीबचा धर्म, बाप, मुलूख, काहीच सुटलं नाही. ऑक्टोबरमध्ये खबीब जिंकला, पण तेवढ्यानं त्याचं भागलं नाही. पिंजऱ्यावरून उडी मारून तो मॅकग्रेगरच्या साथीदारावर धावून गेला. 9 महिने बंदी, 5 लाख डॉलर दंड. एवढं कुणी ठरवून करत नाही.

तेव्हा पैजेचे पैसे दोघांनी मिळून भेळेला घाला.

प्रश्न : लढतीआधी वजन करताना हे लढवय्ये नाकाला नाक लावून का उभे राहतात? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : फोटोसाठी. यूएफसीत खरं वजन सकाळीच हॉटेलात होतं. संध्याकाळी मंचावर दिसतो तो काटा फक्त प्रेक्षकांकरता. तोवर दोघंही भरपूर पाणी पिऊन, जेवून आलेले असतात, म्हणून तर इतका जोर येतो.