बाथरूमचं रूप बदलायचंय, बेसिनही नवं बसवायचंय; कल्पना कुठून गोळा कराव्यात?

पुण्यातल्या कोथरूडचा जुना फ्लॅट, मोबाइलमध्ये फोटोंचा ढीग आणि तरी बेसिन कोणतं घ्यावं ते ठरत नाही, असं तुम्ही लिहिलंय. माझं ऐकाल तर फोटो जरा बाजूला ठेवा आणि सध्याच्या बेसिनखाली वाकून बघा.

सांडपाण्याचा पाइप भिंतीत शिरतो की खाली येऊन नहाणी ट्रॅपकडे (फरशीतल्या जाळीखालच्या सांडपाण्याच्या भांड्याकडे) जातो? जुन्या इमारतींत बऱ्याचदा तो खालीच येतो. मग भिंतीवर टांगलेलं, खाली सगळं मोकळं असं बेसिन हवं असेल तर भिंत फोडून पाइप आत घ्यावा लागतो. तेवढी तयारी नसेल तर पेडेस्टल (खाली खांब असलेलं) किंवा खाली छोटं कपाट असलेलं बेसिन बघा, पाइप झाकला जातो. अँगल कॉक, म्हणजे बेसिनखाली भिंतीतून निघणारा पाणी बंद करायचा छोटा नळ, तोही नीट बघा. आतला पाइप जुना जीआयचा (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचा) असेल तर कॉक फिरवताना आटे भिंतीतच तुटू शकतात. त्यामुळे तो पाइप बदलायचा की नाही, हे टाइल्स लागायच्या आधीच ठरवा.

मग पाण्याकडे या. तुमच्याकडे खडकवासला धरणाचं, म्हणजे पालिकेचं पाणी येत असेल तर काळ्या मॅट नळांची हौस खुशाल भागवा. उन्हाळ्यात बोअरचं नाहीतर टँकरचं पाणी भरावं लागत असेल, तर काळ्या नळावर आणि काचेच्या पार्टिशनवर क्षारांचे पांढरे डाग पडतात आणि रोज पुसत बसावं लागतं. साधं क्रोम त्या मानानं बरं.

टेबलटॉप, म्हणजे ओट्यावर ठेवायचं बेसिन फोटोत झकास दिसतं, पण मला फारसं पटत नाही. बेसिन आणि ग्रॅनाइटच्या सांध्यात मळ साचतो, शिवाय उंची चुकते. बेसिनची कड जमिनीपासून साधारण 32 ते 34 इंचांवर यावी. बेसिनच पाच-सहा इंच उंच असेल तर ओटा तेवढा खाली घ्यायला हवा. गवंडी तो स्वयंपाकघराच्या सवयीनं करून मोकळा होतो आणि मग आजी चवड्यांवर उभं राहून चूळ भरतात. आपल्याकडे खळखळून चुळा भरतात, तोंडावर सपासप पाणी मारतात, त्यामुळे उथळ, बशीसारखं बेसिन नकोच.

दुकानं बघायला टिंबर मार्केट, शंकरशेठ रस्त्याकडे चक्कर मारा. जाताना मापं लिहून न्या: भिंतीची रुंदी, दार उघडल्यावर उरणारी जागा, पाइपची उंची. दुकानात बेसिनच्या आत हात घालून बघा, नळाची धार नेमकी कुठे पडेल त्याचा अंदाज घ्या. कडेला पडत असेल तर पाणी बाहेर उडणार.

जुन्या टाइल्सवर नव्या चिकटवता येतात, पण खालच्या मजल्यावर ओल उतरलेली नसेल तरच. खालच्यांना आधी विचारा. ओल असेल तर फरशी उखडून वॉटरप्रूफिंग करा आणि एक-दोन दिवस पाणी साठवून ठेवून तपासा. सजावटीचे पैसे कमी करा, इथले नको. राडारोडा कुठे टाकायचा तेही सोसायटीला विचारून ठेवा.

बेसिन आणि नळ मात्र काम सुरू व्हायच्या आधी घरात आणून ठेवा. प्लंबर पॉइंट त्यांच्याच मापानं काढेल.