जीबीएसमधून सावरणाऱ्या मुलाच्या घरी मदतीला जाताना

पहिलं काम सोसायटीत सगळ्यांना सांगायचं: गुलेन बॅरी सिंड्रोम (जीबीएस), म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर हल्ला करते आणि हातपाय लुळे पडतात तो आजार, एकाकडून दुसऱ्याला होत नाही. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याकडे रुग्ण वाढले, तेव्हा संशय दूषित पाण्यावर होता. मुलांना त्याच्याकडे खेळायला जरूर पाठवा, फक्त सर्दी-खोकला असलेल्याला नको.

उपचारासाठी जमवलेली वर्गणी एकदम संपवू नका. आयव्हीआयजी, म्हणजे शिरेतून द्यायचं प्रतिपिंडांचं औषध, साधारण वजनाच्या किलोमागे २ ग्रॅम लागतं. २० किलोच्या मुलाला ४० ग्रॅम, म्हणजे ५ ग्रॅमच्या ८ बाटल्या. पण फिजिओथेरपी पुढे महिनोन्महिने चालते, आणि तोवर लोकांचा उत्साह ओसरलेला असतो. महात्मा फुले या सरकारी आरोग्य योजनेसाठी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, लगेच भेटा.

घरी सगळ्यात जास्त चुका उचलताना होतात. हात धरून ओढू नका, खांदा निखळू शकतो. पाठीला आणि मांड्यांखाली आधार द्या. जोरात तेल रगडणंही नको, नसा दुखऱ्या असतात, चादरीचा स्पर्शसुद्धा काही मुलांना सहन होत नाही. पाऊल लोंबत असेल तर स्प्लिंट (पाऊल सरळ धरून ठेवणारा आधार) सांगितलेले तास घालाच, नाहीतर टाच आखडते. व्यायाम थोडा थोडा, मध्ये विश्रांती. दुसऱ्या दिवशी जास्त गळाल्यासारखं वाटलं तर आदला दिवस जड गेला असं समजा. "प्रयत्नच करत नाही" असं मुलाला कधीही म्हणू नका.

गिळताना ठसका, आवाज बारीक होणं, धाप, किंवा सुधारलेली ताकद पुन्हा कमी होणं: यातलं काहीही दिसलं तर थेट रुग्णालय गाठा. म्हणून रात्री कोणाची गाडी तयार असेल, ते आजच ठरवा.