आल्प्समध्ये क्लबचा तळ: वाचकांचे प्रश्न

जुलैत सह्याद्रीतले कडे निसरडे होतात आणि दोर कपाटात जातात. नेमके तेच आठवडे आल्प्समधल्या चढाईच्या भर हंगामाचे असतात. म्हणून पावसाळ्यातला पंधरवडा फ्रान्समधल्या शामोनीत घालवण्याचा बेत काही क्लब आखत आहेत. त्यांच्याकडून आलेल्या प्रश्नांपैकी हे पाच.

प्रश्न: आम्ही बारा जण दोन आठवडे शामोनीत असू. चौघांनी गिर्यारोहणाचा बेसिक कोर्स केला आहे, बाकीचे सह्याद्रीत नियमित प्रस्तरारोहण करतात. पहिल्याच आठवड्यात माँ ब्लाँ उरकावा का?

नाही. या खेपेला माँ ब्लाँ यादीतूनच काढा, असे आमचे स्पष्ट मत आहे. शामोनी गाव १,०३५ मीटरवर आहे आणि शिखर ४,८०० मीटरच्या वर. तुमच्यातल्या आठ जणांनी अजून हिमनदीवर पाय ठेवलेला नाही. नेहमीच्या वाटेवर तेत रूस आणि गूते या दोन हटांच्या (डोंगरातल्या मुक्कामाच्या घरांच्या) मध्ये एक घळ आडवी पार करावी लागते. तिथे वरून दगड येतात. पहाटेच्या गारठ्यात ते बर्फाने धरून ठेवलेले असतात, ऊन चढले की सुटतात. खडकाच्या फटींतला कायम गोठलेला बर्फ वितळू लागल्याने अख्खे कडे ढासळतात. २००५ साली द्र्यू शिखराचा बोनाती स्तंभ असाच कोसळला. शिवाय ३,८३५ मीटरवरच्या गूते हटमध्ये आरक्षण असल्याशिवाय तिथे मुक्कामाचा बेत करता येत नाही, आणि वाटेत तंबू लावायला मनाई आहे.

त्याऐवजी असा क्रम ठेवा. पहिले दोन दिवस गावालगतच्या गेयाँच्या कड्यावर दोर, गाठी आणि बिलेची (चढणाऱ्याचा दोर खालून सांभाळण्याची) उजळणी. मग २,३५२ मीटरवरच्या लाक ब्लाँ तळ्यापर्यंत चाल. मग रेल्वेने माँतांव्हेरला जाऊन मेर द ग्लास हिमनदीच्या बर्फावर क्रॅम्पॉन (बुटाखाली बांधायचे धातूचे दाते) आणि आइस अ‍ॅक्सचा पूर्ण दिवस सराव. त्यानंतर २,७०२ मीटरवरच्या आल्बेर प्रेमिए हटमध्ये मुक्काम करून ३,५४२ मीटरचे एग्वी द्यु तूर. पहिले शिखर म्हणून ते उत्तम: हिमनदीवरची खरी चाल, शेवटी सोपा खडक, आणि दुपारच्या आत हटवर परत येता येते.

एक सापळा टाळा. गावातून केबल कारने वीसेक मिनिटांत ३,८४२ मीटरवरच्या एग्वी द्यु मिदीला पोहोचता येते. शरीराला मात्र इतक्या वेगाने चढलेले मानवत नाही. डोके दुखते, मळमळते, पावले चुकतात. तिथल्या बोगद्यातून बाहेर पडताच अरुंद हिमधार सुरू होते आणि एका बाजूला थेट शामोनीपर्यंत उतार आहे. क्रॅम्पॉन आणि दोर बोगद्यातच बांधून बाहेर पडायचे. २,७०० मीटरवर एक रात्र काढल्याशिवाय ३,६१३ मीटरवरच्या कॉस्मिक हटमध्ये मुक्कामाला जाऊ नका.

प्रश्न: व्हिसासाठी सगळ्यांनी एकत्र अर्ज करायचा का? तंबूत राहणार असू तर निवासाचा पुरावा काय द्यायचा?

अर्ज ज्याचा त्याचा स्वतंत्र. सोबत क्लबचे एकच पत्र आणि दिवसवार कार्यक्रम सर्वांनी जोडावा, म्हणजे तारखा एकमेकांशी जुळतात. विमानतळ जिनिव्हा, म्हणजे स्वित्झर्लंड असला तरी जास्त रात्री फ्रान्समध्ये असल्याने अर्ज फ्रान्सकडेच. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी तो जायलाच हवा. उन्हाळ्यात अपॉइंटमेंट मिळत नाहीत हीच खरी अडचण असते, तेव्हा मार्चमध्येच हात घाला. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर तीन महिने वैध हवा, दहा वर्षांहून जुना नको आणि त्यात दोन कोरी पाने हवीत.

कॅम्पसाइटचे लेखी आरक्षण निवासाचा पुरावा म्हणून जोडा, पण त्यावर प्रत्येकाचे नाव असले पाहिजे आणि एकही रात्र मोकळी राहता कामा नये. हटमधल्या रात्रीही तंबूच्या आरक्षणात धरा. तंबू खाली उभा राहतोच, आणि हवामान बिघडून हट रद्द झाली तर झोपायला जागा असते. थोडे पैसे जास्त जातात, पण हा खर्च वाचवू नका.

प्रश्न: स्वयंपाक आम्हीच करणार. स्टोव्ह, गॅस आणि शिधा यांचे गणित कसे करावे?

गॅसचे डबे विमानात चालत नाहीत, केबिनमध्येही नाही आणि चेक-इनमध्येही नाही. गॅस तिथेच घ्यायचा आहे, म्हणून इथून बर्नर नेताना तो कुठल्या तोंडाच्या डब्याला बसतो ते आधी पाहा. घोळ इथेच होतो. फ्रान्समधल्या साध्या दुकानांत बहुधा कॅम्पिंगाझचे डबे दिसतात. त्यांचे तोंड दाबून फिरवायचे असते, त्याला आटे नसतात. आपल्याकडच्या गिर्यारोहकांचे बहुतेक चांगले बर्नर आट्यांच्या डब्याचे असतात आणि तसे डबे शामोनीतल्या गिर्यारोहण-साहित्याच्या दुकानात मिळतात. दुकानात रिकामा बर्नर घेऊन जा आणि तिथेच फिरवून बघा. ट्रेकला आपण वापरतो ते लांब उभे ब्युटेनचे डबे आणि त्यांचे बर्नर घरी ठेवा. निव्वळ ब्युटेन शून्य अंशाच्या आसपास वायुरूप होणे सोडते, आणि थंड पहाटे ज्योत मरगळते. प्रोपेन मिसळलेला डबा घ्या. द्रवइंधनाचा स्टोव्ह न्यायचा असेल तर ज्या टाकीत आधी इंधन भरले होते ती नेऊ नका. वास आला तरी विमानतळावर अडवतात. तिथे गेल्यावर लक्षात ठेवा: पंपावर गाझोल म्हणजे डिझेल. स्टोव्हसाठीचे स्वच्छ पेट्रोल एसांस से या नावाने मागायचे.

प्रमाण असे धरा. वारा अडवलेला असेल तर एक लिटर पाणी उकळायला सुमारे १५ ग्रॅम गॅस जातो. बारा जणांचा चहा, नाश्ता आणि रात्रीचे जेवण धरून ४५० ग्रॅमचा एक डबा रोज. हटमध्ये रात्रीचे जेवण आणि नाश्ता तिथलाच घेतात, तेव्हा चौदापैकी चार रात्री वर असाल तर दहा डबे पुरतात. पाच लिटरचे दोन कुकर न्या. एकाच मोठ्या पातेल्यापेक्षा दोन बर्नरवर दोन कुकर लवकर होतात आणि गॅसही वाचतो.

तांदूळ इथून नेऊ नका. बारा जणांना माणशी दीडशे ग्रॅम धरले तरी दहा दिवसांचे अठरा किलो होतात, आणि तेवढ्या वजनात दोर व बर्फात रोवायचे आइस स्क्रू जातात. तांदूळ, कांदे, बटाटे, तेल तिथे सुपरमार्केटात मिळतात. तिथली केशरी मसूर डाळ कुकरशिवायही वीस मिनिटांत शिजते. इथून न्यायचे ते गोडा मसाला, तिखट, हळद, हिंग, मोहरी, थालीपिठाची भाजणी, पोहे, शेंगदाण्याची चटणी. युरोपीय संघाबाहेरून दूध आणि मांसाचे पदार्थ सामानातून न्यायला बंदी आहे, म्हणून तूप, दूध पावडर, पेढे, खवा बाजूला काढा. लाडू शेंगदाणे आणि गुळाचे करा. ताजा कढीपत्ता आणि ताजी फळेही नकोत.

प्रश्न: तंबू दरीत एकाच ठिकाणी लावावा की शिखरांच्या जवळ हलवत न्यावा?

एकाच ठिकाणी. ले प्राझ किंवा आर्जांतिएर भागातल्या कॅम्पसाइटवर पंधरवड्याचा तळ ठेवा आणि हलक्या सॅक घेऊन वर जा. दुपारी गडगडाट झाला की परतायला कोरडा तंबू आणि कोरडे कपडे असतात, हा त्याचा मोठा फायदा. कुठेही तंबू ठोकण्याची आपली सवय तिथे चालत नाही. उंचावर मुक्काम करायचाच असेल तर तो संध्याकाळी लावून सकाळी उठवायचा छोटा तंबू असतो, आणि राखीव क्षेत्रांत त्यालाही बंधने आहेत. निघण्यापूर्वी गावातल्या ला शामोनियार्द या संस्थेच्या कचेरीत विचारून घ्या. हवामान, वाटांची सद्यस्थिती, कुठला हिमपूल ढासळला आहे, हे सगळे तिथे कळते.

जमीन हिमनदीने आणलेल्या खडीची असल्याने अ‍ॅल्युमिनियमच्या बारीक मेखा वाकतात. पोलादी मेखा आणि एक छोटा हातोडा हवाच. जुलैत सूर्य सव्वानऊच्या सुमारास मावळतो आणि कॅम्पसाइटवर साधारण दहानंतर शांतता पाळायची असते, म्हणून गाण्यांच्या भेंड्या जेवणाआधीच.

प्रश्न: हिमनदीवर दोर कसा बांधायचा? आणि अपघात झाला तर हेलिकॉप्टरचा खर्च कोण करतो?

तिघांचा एक दोर, असे चार गट करा आणि बेसिक कोर्स केलेला एकेक जण प्रत्येक गटात द्या. ५० मीटरचा, पाणी न शोषणारा दोर घ्या. दोन माणसांमध्ये १२ मीटर, असे दोन टप्पे मिळून २४ मीटर. उरलेले २६ मीटर पुढच्या आणि मागच्या माणसाने १३-१३ मीटर गुंडाळून जवळ ठेवायचे. कुणी हिमभेगेत पडला तर त्याला वर काढायला तोच दोर लागतो. चालताना दोर बर्फाला जेमतेम टेकत राहिला पाहिजे. दोर हातात गोळा करून, गप्पा मारत जवळजवळ चालणे ही सर्वात नेहमीची चूक. जितका दोर ढिला, तितके पडणाऱ्याचे अंतर वाढते, आणि झटक्याने मागचाही ओढला जातो. प्रत्येकाजवळ ६ मिलिमीटरचे दोन प्रुसिक (मुख्य दोरावर गाठ मारून पकड घ्यायचे दोरीचे फास), एक आइस स्क्रू, १२० सेंटिमीटरची स्लिंग (पट्टीचा फास), लॉकचे तीन कॅराबिनर (उघडझाप होणाऱ्या धातूच्या कड्या) आणि हेल्मेट हवे. मऊ तळव्याच्या ट्रेकिंग बुटांवर क्रॅम्पॉन लावू नका; बूट वाकला की ते निखळते. कडक तळव्याचे बूट शामोनीत भाड्याने मिळतात, आणि ते पायात घालून उतारावर चालून पाहिल्याशिवाय घेऊ नका, कारण उतरताना अंगठ्याला लागतात. आणखी एक: फ्रान्समध्ये मोबदला घेऊन लोकांना डोंगरात नेण्याचा अधिकार प्रमाणित गाइडलाच आहे. क्लबच्या लीडरला खर्चापलीकडे मानधन देण्याचा बेत असेल तर तो सोडा.

खर्चाचे उत्तर सीमेवर अवलंबून आहे. फ्रान्समध्ये डोंगरातून सुटका करण्याचे सरकारी पथक पैसे घेत नाही. रुग्णालयाचे बिल मात्र तुमचे. स्वित्झर्लंडमध्ये हेलिकॉप्टरचेही बिल येते. एग्वी द्यु तूरची नेहमीची वाट खिंड ओलांडून स्वित्झर्लंडमधल्या त्रियाँच्या हिमपठारावर उतरते, म्हणजे ज्या शिखराला आम्ही सोपे म्हणालो तिथेच तुम्ही सीमेपलीकडे असता. व्हिसासाठी लागणारा ३०,००० युरोंचा विमा घेतला म्हणजे सोय झाली, असे समजू नका. अनेक प्रवास विम्यांतून गिर्यारोहण वगळलेले असते. पॉलिसीत दोर वापरून केलेली चढाई, हिमनदी, उंचीची मर्यादा आणि हेलिकॉप्टरने सुटका हे शब्द स्वतः शोधा. नसतील तर वेगळा विमा घ्या.

मदतीचा क्रमांक दोन्हीकडे ११२. हेलिकॉप्टर दिसले की मदत हवी असेल तर दोन्ही हात वर, वाय अक्षरासारखे. नको असेल तर एक हात वर, एक खाली. हे बाराही जणांना तळावरच करून दाखवायला लावा. लांबून पाहणाऱ्या कुणी उगाच दोन्ही हात हलवले, तर पथक त्याच्याकडे वळते आणि जखमी तिथेच राहतो.